अर्धपोटी कुंड्या

कुंडी उलटी करून तिनं बुडावर हलकेच थाप मारली, तसा मातीचा गड्डा सुटून तळहातावर आला आणि येता येताच निम्मा विस्कटला. माती सरळ गळून गेली. हातात राहिली ती नुसती मुळं. जाडजूड, पांढरीशुभ्र, धुऊन ठेवल्यासारखी. तिनं दुसरी कुंडी उलटी केली, मग तिसरी. तिन्हींत तेच. ती तिथंच, पालथ्या बादलीवर बसली.

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय झालं? शेडमध्ये कुणी शिरलं असतं तर त्याचे डोळे निवले असते. मांडणीवरच्या सगळ्या कुंड्या तरारलेल्या, पानं गडद हिरवी, रुंद, तेल चोळल्यासारखी चमकणारी. पलीकडच्या जाळीखाली पिशव्यांतली रोपं तर अशी फोफावलेली, की मधून चालायला वाट नाही. सकाळी फाटकावरच्या रखवालदारानं तिला हटकून सांगितलं होतं, की बाई, तुम्ही नव्हता पण रोपवाटिकेचं नशीब उघडलं बघा. ती हसली होती. आणि शेडच्या दारात पाय ठेवला तेव्हा तो हिरवा रंग बघून पिशवीही खाली न ठेवता सरळ कुंड्यांकडे गेली होती.

तिला तिथं सगळे बुरशीबाई म्हणत. ती डबा खायला आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, आली रे आली, पाव झाका. सुरुवातीला तिला राग यायचा, मग सवय झाली, आणि आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तिलाच चुकल्यासारखं वाटायचं. तिची बुरशी पावावर येते ती नव्हे. ही मुळांच्या आत राहते आणि तिथून बाहेर मातीत धागे सोडते, केसापेक्षा कितीतरी बारीक. मुळाला जिथं शिरता येत नाही तिथं हे धागे शिरतात. दगडाच्या फटीतला ओलावा, मातीला घट्ट चिकटून बसलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असं काय काय ओढून झाडाला आणून देतात, माती मुळाशी बांधून धरतात, आणि झाड त्यांना साखर देतं. उन्हाचा चटका बसला, पाऊस लांबला, मुळं कुजवणारा रोग आला, तरी अशा जोडीचं झाड तग धरतं. जोडी फुटलेलं झाड बागेत वाढेल, उघड्या माळावर नाही.

पण ही बुरशी बाटलीत ठेवता येत नाही. तिला जिवंत मूळ लागतं, दुसरं काही चालत नाही. म्हणून तर त्या कुंड्या. रोपवाटिकेत त्यांना आईकुंड्या म्हणत. त्यांतली मुळंमाती थोडी थोडी घेऊन रोपांच्या पिशव्यांत मिसळायची, की रोपांना लागण व्हायची. आईकुंड्यांचा नियम एकच, त्यांना अर्धपोटी ठेवायचं. पाणी मोजकं, खत अजिबात नाही. पानं पिवळट, किडकिडीत दिसली तरी जीव तुटू द्यायचा नाही. कारण झाडाला खतातून आयतं स्फुरद मिळालं, की ते बुरशीला साखर द्यायचं थांबतं. भांडण नाही, तंटा नाही, सरळ स्वयंपाकघर बंद. मग ती हळूहळू मरते, आणि वरून बघणाऱ्याला झाड फक्त जास्त हिरवं दिसतं.

ती उठली. मुळांचे तुकडे कापून तिनं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले, धुतले, आणि शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये सोडले. या कामाला महागडी रंगद्रव्यं मिळतात, पण पेनात भरायची साधी शाई तितकंच चोख काम करते. बुरशी असेल तिथं शाई धरते, एरवी धुऊन जाते. चांगल्या आईकुंडीचं मूळ मायक्रोस्कोपखाली बघावं तर आतून निळ्या धाग्यांनी विणलेलं असतं, आणि मुळाच्या पेशींच्या घराघरात इवलीशी निळी झुडपं उगवलेली असतात. ती झुडपं बघायला तिला अजूनही आवडायचं. आज तिनं एकेक काच सरकवत सगळ्या कुंड्या पाहिल्या, मग जाळीखालच्या पन्नासेक पिशव्या फोडून त्यांतलीही मुळं पाहिली. मुळं काचेसारखी मोकळी होती. कुठं एखादा तुटका निळा धागा, बस्स. तिनं डोळा बाजूला केला.

रोपं सोमवारी टेकडीवर जायची होती.

टेकडी कोणती, हे त्या वस्तीत कुणाला विचारावं लागत नसे. गेल्या पावसाळ्यात तिचा एक आख्खा काप सुटून खाली आला होता. घरांच्या शेवटच्या ओळीच्या मागची भिंत आणि दोन न्हाणीघरं त्यानं घेतली, आणि मग कुणास ठाऊक कशानं, थांबला. त्या शेवटच्या ओळीत तिचं घर होतं. नंतर घाईघाईनं लावलेली रोपं उन्हाळ्यात वाळून गेली, एकही वाचलं नाही. तेव्हाच ठरलं होतं, की यंदा बुरशीची लागण केलेली रोपं लावायची, जी दगडगोट्यांत तग धरतील, मुळं खोल नेतील, माती बांधून ठेवतील. सगळी ओळ त्या रोपांवर भिस्त ठेवून होती. तीही होती. घराच्या मागच्या खोलीत आता कुणी झोपत नसे. तिची लेक, ती आणि नवरा पुढच्या खोलीत दाटीवाटीनं झोपत, सासरे व्हरांड्यात, आणि रात्री कुठं दगड घरंगळला तर चौघंही श्वास धरून पडून राहत. सकाळी कुणीच त्याबद्दल बोलत नसे.

आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती माहेरी गेली होती, आणि आईचं दुखणं लांबलं. जाताना कुंड्या तिनं सासऱ्यांवर सोपवल्या होत्या. आबांवर. आबांनी उभी हयात एका मोठ्या बागेत माळीकाम केलेलं. त्यांच्या हाताला गुण होता. वाळकी काठी रोवली तरी फुटायची, असं लोक म्हणत आणि आबा ते खोडून काढत नसत. तिनं त्यांना दोनदा सांगितलं होतं, आबा, नुसतं पाणी, तेही बेतानं. त्यांनी मान हलवली होती. पण ज्या माणसानं जन्मभर पिवळं पान दिसलं की त्याचं काय दुखतंय ते हुडकलं, त्याला तुम्ही सांगणार, की बघ आणि गप्प बस. चूक आबांची की सांगणाराची, हे ती घरी जाताना वाटभर स्वतःशीच घोळवत राहिली.

आबा मागच्या पायरीवर बसून खुरप्याची मूठ ठोकून बसवत होते. समोर टेकडी, उघडी, सोललेल्या गुडघ्यासारखी. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आबा, कुंड्यांना खत घातलंत?"

"पाण्यातनं घातलं. थोडं थोडं, आठवड्याला." त्यांचा चेहरा उजळला. "रंग बघितलास ना? तू गेलीस तेव्हा काय कळा होती त्यांची. मला बघवेना."

"आणि पिशव्यांना?"

"त्यांनी काय पाप केलंय?"

तिला वाटलं होतं आपण चिडू. पण राग येण्यासाठीही अंगात काही असावं लागतं, ते भीतीनं आधीच नेलं होतं. तिनं सगळं सांगितलं. लपवलं नाही, वाढवून सांगितलं नाही. मुळं कशी रिकामी आहेत, सोमवारी ती वर गेली तर उन्हात किती दिवस काढतील, सगळं. आबा ऐकताना मूठ ठोकायचे थांबले होते. मग त्यांनी खुरपं अगदी सावकाश पायरीवर ठेवलं.

"म्हणजे खाऊ घालून मारली मी," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कल्पना, आबा."

"तू सांगितलं होतंस."

मग त्यांनी विचारलं, आता ती बुरशी पुन्हा कुठून आणायची. आणि इथं तिची चूक झाली. डोक्यात दुसरेच हिशेब चालू होते, त्या नादात ती बोलून गेली, की मुळात ती या टेकडीवरचीच. पूर्वी वर जी झाडी होती तिच्याखालची मुळंमाती आणून कुंड्या केल्या होत्या. बाहेरून मागवलेली इथल्या आंबट, खडकाळ मातीत टिकत नाही. आता ती झाडी दरडीबरोबर गेली. राहिलंय ते वरच्या काठावरचं एकच झुडपांचं बेट, त्याच्याखाली असेल म्हणा. पोतंभर मिळाली तरी पुन्हा सुरुवात होईल, पण तिथं जाणार कोण. असं म्हणून ती फोन करायला आत गेली.

रोपवाटिकेच्या मोठ्या बाईंना सांगणं भाग होतं. बाई कडक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, खात्री आहे ना, आणि तिनं हो म्हटलं. कुंड्या कुणाकडे होत्या, असंही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, जबाबदारी माझी होती. बाई समजायचं ते समजल्या असाव्यात. गाड्या मी थांबवते, पण लोकांना काय सांगायचं ते तू आणि मी बसून ठरवू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती खोलीत उभी राहिली. लेक शाळेत होती, शाळा वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, याचंच तिला त्या क्षणी बरं वाटलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

चहा टाकावा, आबांनाही द्यावा, म्हणून ती मागं आली. पायरी रिकामी होती. खुंटीवरची कुदळ नव्हती. कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं पोतंही नव्हतं.

तिनं वर पाहिलं. वरच्या काठापाशी, त्या झुडपांच्या बेटाजवळ, एक पांढरा ठिपका होता. आबांचा सदरा.

तिनं हाक मारली नाही. तोंडाशी आलेली हाक तिनं दातांखाली दाबून धरली, कारण एवढ्या मोठ्या आवाजानं वरचं काही सुटेल, अशी तिला भीती वाटली. नवऱ्याचा फोन लागेना, तो गाडी घेऊन दूरवर खत आणायला गेला होता. मग साडी खोचून ती, दरडीकडे कुणी जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि चढू लागली.

पायाखालची माती भुसभुशीत होती. आठवड्यापूर्वी अवेळी पावसाची एक जोराची सर येऊन गेली होती, वरची साल वाळली होती आणि आत ओल. दर पावलाला बारीक खडे सुटून खाली पळत. गेल्या वर्षीची वाळलेली रोपं काठ्यांसारखी उभी होती. एका ठिकाणी तोल गेला म्हणून तिनं त्यांतलं एक धरलं, तर ते सहज हातात आलं. तिनं ते उलटं करून बघितलं. मुळांच्या गड्ड्याला अजून पिशवीचा आकार होता. वर्षभर जमिनीत राहून एक मूळ त्या आकाराबाहेर पडलं नव्हतं. सोमवारच्या रोपांचं हेच होणार होतं. तिनं ते रोप फेकलं नाही, आडवं करून हलकेच ठेवून दिलं, आणि पुढं चढली.

आबा उकिडवे बसले होते. कुदळ बाजूला पडली होती, पोतं रिकामं. एक हात त्यांनी जमिनीवर सपाट टेकवला होता, आजारी माणसाच्या छातीवर टेकवतात तसा. तिची चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"तिथंच थांब," ते म्हणाले. "डावीकडनं ये. हळू."

ती डावीकडून आली. आणि मग तिला भेग दिसली. वाळल्या गवताखालून निघून ती झुडपांच्या बुंध्याला लागून दोन्ही बाजूंना लांबवर गेली होती, वीतभर रुंद, कुठं त्याहून जास्त. जुनी भेग नव्हती. जुन्या भेगेत धूळ बसते, कोळ्यांची जाळी असतात. हिच्या आतली माती काळी, ओली, नुकत्याच मोडलेल्या नाचणीच्या भाकरीसारखी होती. आणि भेगेच्या या काठापासून त्या काठापर्यंत झुडपांची मुळं गेलेली होती. शेकडो. बोटाएवढी जाड, सुतळीएवढी, केसाएवढी. एकही सैल नव्हतं. सगळी ताणलेली, सरळ, आणि त्यांच्या बारीक टोकांना माती दाणेदार गुठळ्यांनी घट्ट बिलगलेली, हवेत लोंबकळूनही न सुटणारी. तिला मायक्रोस्कोप लागला नाही. ज्याच्यासाठी ती आयुष्यातली इतकी वर्षं मुळं उकळत बसली होती, ते काम तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. सुटू पाहणारा काप ती मुळं ओढून धरून होती.

"एक तोडलं मी," आबा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "कुदळीनं. आवाज झाला, पोरी. तार तुटावी तसा. आणि ते दोन्हीकडं मागं पळालं." त्यांनी भेगेकडे बोट केलं. "मग बघितलं. तेव्हापासून असाच बसलोय. उठायची भीती वाटते."

तिनं खाली वाकून त्यांतल्या एका मुळाला बोट लावलं. मूळ थरथरलं नाही. ते इतकं ताणलेलं होतं, की थरथरायला त्यात जागा नव्हती. तिच्या नजरेसमोरून खालची ओळ गेली, कौलं, वाळत घातलेले कपडे, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी. इथून सगळं सरळ खाली होतं.

आबांनी पोत्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"थोडी घ्यायची का? काठावरची?"

दोन खोरी माती. दोन खोरी मिळाली असती तर आईकुंड्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या, पुढच्या वर्षी रोपं झाली असती. तिनं क्षणभर, खरंच क्षणभर, विचार केला. मग रिकामं पोतं उचलून काखोटीला मारलं.

"नको, आबा. उठा. माझ्या खांद्यावर भार टाका. कुदळ राहू द्या."

उतरताना ती त्यांना सरळ आणत नव्हती, दरडीच्या बाहेरून, खडकाच्या अंगानं आणत होती. आबांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हलका ठेवायची ते पराकाष्ठा करत होते, जणू त्यांचं वजन तिच्यातून जमिनीला लागेल. अर्ध्या वाटेत तिनं मोठ्या बाईंना फोन लावला. भेग म्हटल्यावर बाईंनी पुढचं सांगू दिलं नाही. ओळ रिकामी करायला घे, म्हणाल्या, मी माणसं पाठवते, कुणाचं काही ऐकून घेऊ नकोस. तेवढ्यात मागं कुठंतरी खडे सुटल्याचा आवाज आला. दोघंही जागच्या जागी थांबली. आवाज बंद झाला. मग ती पुन्हा चालू लागली.

खाली आल्यावर आबा सवयीनं आपल्या घराकडे वळले. तिनं त्यांचं कोपर धरलं आणि पुढं नेलं. ओळीतलं पहिलं घर कपडे शिवणाऱ्या बाईंचं. त्या तोंडात टाचण्या धरून दाराशी आल्या, टाचण्या काढल्या आणि हसून म्हणाल्या, आलीस का गं बुरशीबाई, आई कशी आहे. मग त्यांनी तिच्या पायांवरची माती बघितली, आबांच्या हातांकडे बघितलं, आणि हसू मावळलं.

"ताई, घरात आहे तेवढ्यांना घ्या आणि बाहेर पडा. आत्ता. शाळेच्या बाजूला जा."

"पण सोमवारी झाडं लावणार आहेत ना?" बाईंनी विचारलं. अगदी शांतपणे विचारलं, जसं कुणी विचारावं, की डॉक्टर येणार आहेत ना.

तिनं नुसती नकाराची मान हलवली. बाई दारातच उभ्या राहिल्या, नजर टेकडीकडे न नेता. मग आत वळून त्यांनी मशीनचं बटण बंद केलं आणि म्हाताऱ्या आईला हाक मारली.

आबा तोवर पुढच्या दारापर्यंत पोचले होते. त्यांनी हात उचलला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं दार वाजवलं. इतकं हळू, की आत बसलेल्या माणसाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी पुन्हा वाजवलं, तेही तसंच, हात राखून, एक डोळा टेकडीवर ठेवून.

"जोरात, आबा," ती म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं, की तीही कुजबुजतच बोलली होती.